अरबी भाषकांसाठी खाण्याच्या सवयींची प्रश्नावली: भाषांतर जुळले, प्रश्न मात्र बदलला

पथ्यपाणी

मी कुवेतमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वजन कमी करण्यासाठी आलेला माणूस भुकेपोटी जास्त खातो, मन थाऱ्यावर नसले की खातो, की समोर ताट आले म्हणून खातो, हे कळल्याशिवाय त्याला पथ्य सांगण्यात फारसा अर्थ नसतो. हे मोजण्यासाठी प्रश्नावल्या तयार आहेत, परंतु ज्या सर्वांत जास्त वापरल्या जातात त्यांचा जन्म युरोप-अमेरिकेतला आहे. स्टंकर्ड आणि मेसिक यांची १९८५ सालची ५१ प्रश्नांची प्रश्नावली खाण्यावरचा जाणीवपूर्वक संयम, संयम सुटणे आणि भूक अशा तीन घटकांवर उभी आहे. स्वीडनमधील लठ्ठ व्यक्तींच्या उत्तरांवरून २००० साली तिची १८ प्रश्नांची आवृत्ती निघाली आणि तीत भावनांच्या भरात होणारे खाणे हा स्वतंत्र घटक आला. नेदरलँड्समध्ये १९८६ साली ३३ प्रश्नांची आणखी एक प्रश्नावली तयार झाली, जी संयमाने, भावनेने आणि बाहेरच्या मोहाने होणारे खाणे वेगवेगळे मोजते. खाण्याच्या विकारांची चाळणी करण्यासाठी गार्नर आणि सहकाऱ्यांची १९८२ सालची २६ प्रश्नांची प्रश्नावली आजही सर्रास वापरतात.

आमच्या छोट्या गटाला यांतले काही प्रश्न येथील अरबी भाषक प्रौढांना विचारायचे होते. काही प्रश्नावल्यांच्या अरबी आवृत्त्या पूर्वीच निघालेल्या आहेत, पण एका देशात तपासलेली आवृत्ती दुसऱ्या देशात तशीच चालेल याची खात्री नसल्यामुळे आम्ही काम नव्याने करायचे ठरवले. एका भाषांतर संस्थेने अरबी मसुदा दिला, त्याचे पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर करून घेतले, दोन्ही इंग्रजी मजकूर जवळजवळ शब्दाला शब्द जुळतात असे प्रमाणपत्रही त्यासोबत आले. आम्ही खूश झालो.

ही खुशी पहिल्या आठवड्यातच संपली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आमची परिचारिका प्रश्न वाचून दाखवत असे. ती इजिप्तची आहे. पाव, भात, बटाटे असे पिष्टमय पदार्थ तुम्ही मुद्दाम टाळता का, अशा अर्थाचा एक प्रश्न आहे. छापील कागदावर पावासाठी ‘खुब्ज’ हा प्रमाण अरबी शब्द होता, परंतु वाचताना तिच्या तोंडी सवयीने ‘ऐश’ हा शब्द आला, कारण कैरोत पावाला ऐशच म्हणतात. समोर बसलेल्या कुवेती आजींनी हातातली जपमाळ थांबवली आणि मला विचारले, “मुली, ही भाताचे दोनदा का विचारते आहे?” कुवेतच्या बोलीत ऐश म्हणजे भात. परिचारिका हसली, आजी हसल्या, मी मात्र त्या दिवशीपर्यंत भरून घेतलेले कागद पुन्हा काढून बसले. त्यांतल्या किती जणांनी पावाचे उत्तर दिले आणि किती जणांनी भाताचे, हे कळायला मार्ग नव्हता.

पुढे ‘लबन’ या शब्दाने तेच केले. कैरोत लबन म्हणजे दूध, बैरूतमध्ये दही, आणि इथल्या दुकानात त्या नावाने मिळते ते आपले ताक. मेदाचे पदार्थ किती खाता हे विचारताना दूध, दही आणि ताक यांतला फरक किरकोळ नसतो.

म्हणून हा धागा. उलट भाषांतर जुळले की प्रश्नावली तयार झाली असे मानण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला आता पटत नाही. इथे संख्याशास्त्र, अरबी आणि मानसशास्त्र जाणणारे सदस्य आहेत. त्यांनी मनमोकळेपणाने लिहावे.

आकडेमोड

मूळ तक्रार रास्त आहे, पण दोष पद्धतीचा कमी आणि ती अर्धवट वापरण्याचा जास्त आहे. ब्रिस्लिन यांनी १९७० साली उलट भाषांतराची मांडणी केली, तेव्हापासून लोकांनी त्यातला सर्वांत सोपा तुकडा उचलला. बीटन आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या मार्गदर्शक मांडणीत उलट भाषांतर ही मधली एक पायरी आहे. त्याआधी दोन स्वतंत्र भाषांतरे व्हायला हवीत, एक विषय जाणणाऱ्याचे आणि दुसरे विषयाशी संबंध नसलेल्याचे, मग त्या दोन्हींचा मेळ घालायचा. उलट भाषांतरानंतर तज्ज्ञांची समिती बसते, आणि शेवटी ३० ते ४० व्यक्तींवर चाचणी घेऊन प्रत्येकाला या प्रश्नातून काय समजले ते विचारायचे असते. आजींनी तुम्हाला जे फुकटात सांगितले, ते काढून घेण्यासाठीच ही शेवटची पायरी आहे.

उलट भाषांतराची आणखी एक मेख आहे. मूळ मजकूर ओळखीचा असलेला कुशल भाषांतरकार वाईट अरबी वाक्यातूनही मूळ इंग्रजी वाक्य अचूक हुडकून काढतो. त्यामुळे दोन इंग्रजी मजकूर हुबेहूब जुळले की मला आनंदापेक्षा शंका अधिक येते.

उत्तरांच्या पर्यायांकडेही लक्ष द्या. २६ प्रश्नांच्या त्या प्रश्नावलीत सहा पर्याय आहेत, आणि ‘नेहमी’ला ३, ‘बहुतेक वेळा’ला २, ‘बऱ्याचदा’ला १ असे गुण देऊन उरलेल्या तिन्ही पर्यायांना शून्य दिले जाते. २० किंवा अधिक गुण आले की पुढील तपासणीची शिफारस होते. आता मराठीतच ‘बहुतेक वेळा’ आणि ‘बऱ्याचदा’ यांतले मोठे कोणते हे दहा जणांना विचारून पाहा. अरबीतही तीच अडचण असणार. या दोन पर्यायांची अदलाबदल झाली तरी माणूस २०च्या रेषेच्या अलीकडून पलीकडे जाऊ शकतो.

नुक्ता

मी अरबी शिकवतो, म्हणून भाषेपुरते लिहितो. फर्ग्युसन यांनी १९५९ साली ज्या द्विस्तरीय भाषास्थितीचे वर्णन केले, तिचे अरबी हे ठळक उदाहरण आहे. वृत्तपत्र, प्रवचन आणि सरकारी कागद फुस्हा म्हणजे प्रमाण अरबीत असतात, घर, बाजार आणि स्वयंपाकघर मात्र आम्मिया म्हणजे बोलीत चालते. खाणे आणि रडणे या दोन्ही गोष्टी माणूस बोलीत करतो, आणि तुमची प्रश्नावली नेमकी त्याच दोन गोष्टींविषयी फुस्हामध्ये विचारते आहे. सुशिक्षित माणसाला ती समजते, पण परीक्षेचा पेपर वाटते आणि तो बरोबर उत्तर द्यायला बसतो.

जेवणांची नावेही जपून वापरा. ‘फुतूर’ म्हणजे सकाळची न्याहारी असे आपण शिकतो, परंतु ट्युनिसमध्ये त्याच शब्दाने दुपारचे जेवण सांगतात आणि रमजानमध्ये सूर्यास्तानंतरचे. न्याहारी टाळता का, हा निरुपद्रवी प्रश्न तीन ठिकाणी तीन प्रश्न होतो.

भुकेचे शब्द तर अधिकच गमतीचे आहेत. ‘नफ्स’ म्हणजे जीव, स्वत्व, मन. इजिप्तमध्ये ‘मला नफ्स नाही’ अशा अर्थाचे बोलतात तेव्हा खायची वासना नाही असे म्हणायचे असते. आपणही ‘जेवणावर वासना नाही’ म्हणतोच. पोटाची भूक आणि जिभेची इच्छा वेगळी करून विचारायची असेल तर हा एक शब्द दोन्हीकडे पाय ठेवून उभा राहतो. अनावर खाण्यासाठी पुस्तकी अरबीत जो ‘शराहा’ शब्द येतो, त्याला खादाडपणाचा कलंक चिकटलेला आहे. ‘तुम्हाला खादाडपणाचे झटके येतात का’ असे विचारल्यावर कोणता भला माणूस होकार देईल?

एक बारकावा तुमच्या फायद्याचा आहे. अरबीत द्वितीय पुरुषी क्रियापद लिंगानुसार बदलते, त्यामुळे ‘तू खातोस’ आणि ‘तू खातेस’ असे दोन मसुदे करावे लागतात. प्रथम पुरुषात मात्र क्रियापद स्त्री-पुरुषांना एकच असते. म्हणून प्रश्नांऐवजी ‘मी सावकाश जेवण घेऊ शकणारा मनुष्य आहे’ असली विशेषणांची वाक्ये टाळून ‘मी सावकाश खा–’ अशी क्रियापदाची विधाने केली तर एकच कागद सर्वांना पुरतो. मराठीत ही सोय नाही, आपल्याला ‘खातो’ आणि ‘खाते’ यांतून सुटका नाही.

जाता जाता, आपण मराठीत जी ‘ऐश करतो’ ती ऐश त्याच अरबी शब्दातून आलेली आहे. मूळ अर्थ जगणे. कैरोकरांनी तो पावाला दिला, कुवेतकरांनी भाताला, आणि आपण मौजमजेला.

ताकभात

मी या विषयातला नाही, एक साधी शंका आहे. आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणतात. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि वऱ्याचे तांदूळ खाऊन माणूस इतर दिवसांपेक्षा जड होतो, तरी विचारले तर ‘आज मी उपाशी आहे’ असेच सांगतो. असा माणूस या प्रश्नावलीत संयमी ठरेल की असंयमी? आणि रमजानमध्ये तिकडे काय करता?

पथ्यपाणी

ताकभात यांनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे.

खाण्याच्या विकारांसाठी फेअरबर्न आणि बेग्लिन यांची १९९४ सालची एक प्रश्नावली आहे, ती मागील २८ दिवसांविषयी विचारते. तीत एक प्रश्न असा आहे की, शरीराचा आकार किंवा वजन यांवर परिणाम व्हावा म्हणून तुम्ही जागेपणीचे आठ किंवा अधिक तास काहीही न खाता राहिला होतात का. रमजान संपल्यावर लगेच हा प्रश्न विचारला तर रोजे ठेवणारा प्रत्येक माणूस दिवसाचे तास मोजतो आणि ‘रोज’ असे सांगतो. प्रश्नातला ‘वजनावर परिणाम व्हावा म्हणून’ हा तुकडा सारे काही तोलून धरतो, पण अरबी मसुद्यात तो वाक्याच्या शेवटी गेला होता आणि वाचून दाखवताना ऐकणारा तिथपर्यंत थांबतच नव्हता. आम्ही तो तुकडा उचलून वाक्याच्या सुरुवातीला आणला आणि त्याच्याही आधी धर्मासाठी किती दिवस उपवास केला, हा वेगळा प्रश्न ठेवला. पहिले उत्तर देऊन झाले की लोक दुसऱ्या प्रश्नाकडे मोकळ्या मनाने पाहतात. काही स्त्रिया मात्र तिथे थबकतात आणि हळूच म्हणतात की, दोन्ही कारणे होती. ही उत्तरे आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची असतात.

याच प्रश्नावलीत लपून खाण्याविषयीही विचारले आहे. तिथे माझी स्वतःची फजिती झाली. एका तरुणीने महिन्यातले पाच-सहा दिवस लपून खाल्ले असे लिहिले होते आणि मी तिच्या नावापुढे खूण करून ठेवली. भेटीत विचारले तेव्हा ती आधी लाजली, मग मलाच समजावून सांगू लागली की, पाळीच्या दिवसांत रोजा ठेवायचा नसतो, पण घरात वडील आणि भाऊ उपाशी असताना त्यांच्यासमोर कसे खायचे, म्हणून ती स्वयंपाकघराचे दार लोटून घेऊन खात होती. जिला मी विकाराचे लक्षण समजले, ती घरातली रीत होती. आपल्याकडेही पाळीच्या दिवसांत बाजूला बसून जेवलेल्या बायकांच्या दोन पिढ्या मी पाहिल्या आहेत, तरी कागदावर ते उत्तर वाचताना मला काही सुचले नाही.

शरीराविषयीच्या प्रश्नांचेही असेच होते. सार्वजनिक कपडे बदलण्याच्या खोलीत, पोहताना किंवा घट्ट कपड्यांत इतरांनी तुमची अंगकाठी पाहिली तर किती अवघडल्यासारखे वाटते, असा एक प्रश्न आहे. अबाया (अंगभर सैल झगा) वापरणारी बाई ‘अतिशय’ या पर्यायावर खूण करते, आणि ती तिची मर्यादा असते, स्वतःच्या देहाविषयीचा तिटकारा नव्हे. आम्ही उदाहरणे बदलून घरातल्या बायकांच्या मेळाव्याचे आणि लग्नाच्या कपड्यांचे उदाहरण घेतले, कारण तिथे बायका फक्त बायकांमध्ये असतात.

आरसा

मी मानसशास्त्राची अध्यापक आहे. हा तिढा नवा नाही. मेर्वत नासर यांनी १९८६ साली लंडन आणि कैरो येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या अरब विद्यार्थिनींची तुलना प्रसिद्ध केली, तीत २६ प्रश्नांच्या त्या प्रश्नावलीच्या ४० प्रश्नांच्या जुन्या आवृत्तीवर लंडनमधील २२ टक्के तर कैरोतील १२ टक्के मुली चाळणीच्या रेषेच्या वर गेल्या. पाश्चात्त्य समाजात राहिल्यामुळे हे वाढते, असा त्याचा अर्थ तेव्हा लावला गेला आणि तो बऱ्याच अंशी पटण्यासारखाही होता. परंतु १९८९ साली किंग आणि भुग्रा यांनी उत्तर भारतातील शाळकरी मुलींना त्याच प्रश्नावलीची हिंदी आवृत्ती दिली तेव्हा मोठ्या संख्येने मुली रेषेच्या वर गेल्या, आणि उत्तरे तपासल्यावर दिसले की काही मोजके प्रश्न मुलींनी वेगळ्याच अर्थाने घेतले होते. पोट रिकामे असलेले आवडते का, घास लहान करता का, असे विचारले की उपवासाच्या आणि वळणाच्या संस्कारात वाढलेली मुलगी अभिमानाने होय म्हणते. म्हणजे गुण वाढले, आजार नव्हे.

अरबी संदर्भात संयमाच्या घटकाला हीच बाधा होते. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही शिकवण मुस्लिम घरांत लहानपणापासून कानावर पडते. हात आखडता घेणारा माणूस वजनाच्या काळजीने तसे करतो की शिकवणुकीने, हे प्रश्नावलीला ओळखता येत नाही.

भावनांच्या शब्दांवर अजून कोणी लिहिले नाही. डच प्रश्नावलीतले बरेच प्रश्न ‘अमुक वाटते तेव्हा खावेसे वाटते का’ असे आहेत. त्यात खिन्न या अर्थी ‘इक्तिआब’ हा शब्द घातला तर लोक आजाराचे नाव ऐकतात आणि ‘मला तसला आजार नाही’ म्हणून नकार देतात. बोलीतला ‘मुतदायिक’, म्हणजे जागा अपुरी पडून घुसमटलेला, हा शब्द वापरला की तीच माणसे बोलू लागतात. आपल्याकडेही ‘तुम्हाला नैराश्य आहे का’ आणि ‘जीव गुदमरतो का’ यांना मिळणारी उत्तरे निराळी असतात.

माझे मत विचाराल तर इतकी डागडुजी करण्यापेक्षा आधी कुवेती, इजिप्शियन आणि मोरोक्कन लोकांशी बोलून त्यांच्याच शब्दांतून नवी प्रश्नावली घडवावी.

आकडेमोड

इथे माझा विरोध नोंदवतो. नवी प्रश्नावली ऐकायला छान वाटते, पण मग इतर देशांशी तुलना करण्याची वाट बंद होते, आणि ३०-४० वर्षांच्या साठलेल्या माहितीशी नाते तुटते. त्यापेक्षा बदललेली आवृत्ती पुरेशा लोकांवर तपासावी आणि घटकांची रचना मुळाप्रमाणेच उभी राहते का ते पाहावे. तेवढ्यावर थांबू नये. कैरो आणि कुवेतच्या सरासरी गुणांची तुलना करायची असेल, तर प्रत्येक प्रश्नाचे घटकाशी असलेले नाते दोन्हीकडे सारखेच आहे, आणि घटकाची पातळी समान असलेल्या दोन माणसांना त्या प्रश्नावर अपेक्षित गुणही सारखेच मिळतात, हे दाखवावे लागते. ऐशचा प्रश्न या दुसऱ्या कसोटीत बहुधा उघडा पडला असता.

केवळ क्रोनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, ०.८ आला म्हणून पेढे वाटणाऱ्यांना मात्र आवरा. सगळ्यांनी सगळे प्रश्न सारख्याच चुकीच्या अर्थाने घेतले तरी अल्फा उत्तमच येतो.

नुक्ता

माझ्या वरच्या प्रतिसादातले ‘सावकाश जेवण घेऊ शकणारा मनुष्य’ हे उदाहरण फारच कृत्रिम झाले, क्षमस्व. साधे उदाहरण देतो. ‘मी भुकेला आहे’ यात अरबी विशेषण पुरुषाला ‘जाइअ’ आणि स्त्रीला ‘जाइआ’ असे बदलते, ‘मला भूक जाणवते’ असे क्रियापद घेतले की दोघांना एकच रूप चालते.

पथ्यपाणी

आरसा आणि आकडेमोड यांच्या मधली वाट आम्ही धरली आहे. मूळ प्रश्नांची संख्या आणि घटक तसेच ठेवले, उदाहरणे आणि भावनांचे शब्द बदलले, आणि मजकूर सोप्या फुस्हामध्ये ठेवून वाचणाऱ्यासाठी समासात बोलीतले शब्द देशवार छापले. आता इजिप्शियन परिचारिकेच्या कागदावर कुवेती रुग्णासाठी ‘खुब्ज’च्या शेजारी लाल शाईत ‘ऐश म्हणू नये’ असे लिहिलेले आहे.

दोन प्रश्नांवर अजून मार्ग सापडलेला नाही. बेकरीवरून चालत जाताना काही चविष्ट विकत घ्यावेसे वाटते का, असा डच प्रश्न आहे. इथे उन्हाळ्यात पारा ५०च्या आसपास जातो, बेकरीवरून कोणी चालत जात नाही. ‘गाडीतून जाताना’ असे केले तर वास गळतो आणि प्रश्नाची अर्धी ताकद जाते.

दुसरा प्रश्न ताटात मुद्दाम कमी वाढून घेण्याचा आहे. मच्बूसच्या, म्हणजे मसालेदार मांस-भाताच्या, मोठ्या परातीभोवती सहा-सात जण बसतात, प्रत्येक जण आपल्या समोरच्या बाजूने खातो आणि यजमानीण मांसाचा चांगला तुकडा हाताने तुमच्याकडे सरकवते. तिथे वाढून घेणे हा प्रकारच नसतो, मग कमी वाढून घेणे कुठून येणार? एका गृहस्थांनी मला सांगितले की, ते कमी खायचे ठरवतात त्या दिवशी हात सावकाश चालवतात आणि शेजाऱ्याशी गप्पा वाढवतात, म्हणजे थांबले आहेत हे कोणाला कळत नाही. आग्रह चुकवण्याची ही युक्ती कोल्हापूरच्या पंगतीतही चालेल. ‘सर्वांच्या आधी मी हात थांबवतो’ असे विधान आम्ही पर्याय म्हणून ठेवले आहे, मूळ विधानही सोबत ठेवले आहे, आणि संयमाच्या घटकाशी कोणते अधिक घट्ट बसते ते आकडे आल्यावर पाहू.

पुनर्चाचणी, म्हणजे त्याच लोकांना तोच कागद पुन्हा देणे, दोन आठवड्यांच्या अंतराने घ्यायची आहे. हिजरी म्हणजे इस्लामी चांद्र वर्ष लहान असल्याने रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीचे वेळापत्रक पुन्हा वापरता येत नाही. रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यात बरेच जण आणखी सहा उपवास करतात आणि त्यांचे दिवस ज्याने त्याने निवडायचे असतात. म्हणून शव्वाल पूर्ण संपून आणखी २८ दिवस गेल्याशिवाय पहिला कागद हातात द्यायचा नाही, असे ठरले आहे. आकडेमोड, तेवढ्या काळात किती जणांचा नमुना लागेल ते हिशोब करून सांगाल का?